सवयीचा होय

फाल्गुन लागला की मला राग येतो. कुणाचा ते विचारू नका, यादी मोठी आहे. काजूच्या बोंडांच्या त्या आंबूस वासाचा येतो. घरामागच्या पांगाऱ्याचा येतो; अंगावर पान नाही एक, आणि फुललाय लालभडक. मुंबईहून गाड्या भरभरून येणाऱ्या आमच्याच भाऊबंदांचा येतो. उतरल्या उतरल्या मोबाईल वर करतात आणि 'गावची हवा ती गावची हवा' म्हणून छाती फुगवतात. अरे, हवाच तर आहे इथे! हवेवर पोट भरलं असतं तर तुझा बाप आणि माझा बाप, दोघांतला एकही गाव सोडून गेला नसता.

यंदा शिमग्याला मी चार दिवस आधीच आलो. लांज्याहून येणारी एसटी आम्हाला फाट्यावर सोडते, तिथून वाडीपर्यंत कातळावरून पायपीट. उन्हाने कातळ तापला की चपलेच्या तळातून चटका लागतो. वाटेत एका शेतात भाजावळ चालली होती. पेरणीच्या जागेवर झाडाचा टाहाळ, वाळका पातेरा, शेण पसरायचं आणि जाळायचं, ही आमच्याकडची फाल्गुन-चैत्रातली कामं. पूर्वी या दिवसांत सगळा डोंगर धुरात असायचा. आता एका कोपऱ्यात धूर, बाकी सगळं पडीक. जाळणारी एक म्हातारी होती. मला बघून म्हणाली, "कोन, येशवंता काय? बर्फवाला?"

बर्फवाला. पंधरा वर्षं झाली, गावात माझं हेच नाव आहे.

रत्नागिरीला बंदराच्या बाजूला बर्फाचा कारखाना आहे, तिथे मी काम करतो. कारखान्याचं नाव सांगणार नाही. फुकटची जाहिरात मी का करू? मासेमारीच्या होड्यांना समुद्रात जाताना बर्फ लागतो, आल्यावर मासळीच्या ट्रकला लागतो. मिठाच्या पाण्याच्या भल्या मोठ्या टाकीत लोखंडी डबे बुडवून ठेवायचे, डब्यातलं गोडं पाणी गोठलं की ते वर काढायचे, लादी सोडवायची, आकडीने ओढत क्रशरपाशी न्यायची आणि आत ढकलायची. क्रशर ती चावतो आणि खालच्या घसरगुंडीतून चुरा ट्रकमध्ये पडतो. एवढंच काम. सांगायला सोपं आहे. पहिल्या महिन्यात माझ्या बोटांची नखं निळी पडली होती. दुपारी बाहेर यावं तर ऊन असं, की अंगातला गारठा आणि बाहेरचा उकाडा यांची कातडीखाली मारामारी लागायची. मी कातळावर वाढलेला माणूस. पाणी विहिरीतून ओढायचं, तेही वैशाखात तळाला गेलेलं. त्या माणसाने पाण्याच्या लाद्या पायाने सरकवायच्या! आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवडं पानी? आनि ते फोडून टाकतात?"

सदूला मीच नेला तिथे. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं ऐकताना तुम्ही माझी कीव कराल, आणि कीव केलेली मला खपत नाही.

सदू माझा शेजारी. त्याच्या अंगणातली फणसाची फांदी आमच्या कौलांवर येते आणि त्यावरून आमच्या आयांनी आयुष्यभर भांडण केलं. आम्ही दोघांनी नाही केलं. शाळा एकत्र सोडली, भाजावळीसाठी कवळ, म्हणजे हिरव्या डहाळ्या, तोडायला एकत्र जायचो; तो झाडावर, मी खाली. त्याच्याकडे दोन बैल होते आणि गाव सोडायची त्याला अजिबात इच्छा नव्हती. पण भात चार महिन्यांचं, पोट बारा महिन्यांचं. एका शिमग्याला मी नवा शर्ट घालून गावी आलो आणि त्याच्या पडवीत बसून शेखी मिरवली. "काय ठेवलंय हितं? चल माज्याबरोबर. बर्फात काय असतं रं, पानीच तं असतं." तो हसला. म्हणाला, "पानी असतं तर मंग कडक कशाला होतं?" पण आला. बैल विकताना गोठ्यात जाऊन उभा राहिला होता, तेव्हा मी बाहेर घड्याळ बघत होतो. एसटी चुकेल म्हणून माझा जीव खालीवर होत होता.

आता गाऱ्हाण्याचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे शिमग्याला देवीची पालखी देवळातून निघते आणि घरोघर जाते. अंगणात पालखी टेकली की घरातली बाई ओटी भरते, घरधनी नारळ ठेवतो, आणि एक मानकरी त्या घरासाठी गाऱ्हाणं घालतो. म्हणजे देवीशी मोठ्याने बोलतो. 'बा देवी म्हाराजा, हे तुझं लेकरू तुझ्या पायाशी उभं आहे, त्याच्या पोराबाळांना सुखी ठेव,' असं एक वाक्य झालं की जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "होय म्हाराजा!" पुन्हा वाक्य, पुन्हा होय म्हाराजा. चालायला लागायच्या आधी आमच्याकडचं पोर हे शिकतं. कडेवर असताना, बोटं तोंडात घालून, समोर काय चाललंय हे न कळता ते 'होय म्हाजा' म्हणतं आणि सगळे कौतुक करतात. गाऱ्हाण्यात नाही म्हणायची सोयच नाही. मी जन्मात कधी कुणाला नाही म्हणताना ऐकलं नाही.

गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या भावकीत आहे. माझे भाऊकाका घालायचे. काय आवाज होता त्यांचा! अंगणात उभे राहिले की गोठ्यातली गुरंसुद्धा रवंथ थांबवायची. एरवी भयंकर खडूस माणूस. मी लहानपणी त्यांच्या मागे उभा राहून सगळी वाक्यं तोंडपाठ केली होती. वाक्यं पाठ झाली की अर्थाची गरज उरत नाही, हे मला तिथेच कळायला हवं होतं.

कारखान्यात लागलो त्याच आठवड्यातली गोष्ट. भिंतीवर नियमांचा फलक होता. मॅनेजर रोज सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी आम्हाला रांगेत उभं करून तो वाचायचा. कुणीतरी साहेब येऊन तंबी देऊन गेला होता म्हणे. "चालू मशीनमध्ये हात घालणार नाही. कबूल?" सगळ्यांनी 'होय' म्हणायचं. मी नवा, झोप पुरी न झालेला, अंगात गारठा. त्याने पहिलं वाक्य संपवलं आणि माझ्या तोंडातून खणखणीत गेलं, "होय म्हाराजा!"

अख्खी रांग फुटली हसून. माझे कान तापले. मला वाटलं, आता हा मला हाकलतो. पण मॅनेजर हसत होता. तो काही परका नव्हता, मालगुंडकडचा, आमच्यासारखाच पालखीपुढे नाचत वाढलेला. गाऱ्हाणं म्हणजे काय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणाला, "वा रे वा! हे बेस आहे. उद्यापासून सगळ्यांनी असंच म्हणायचं."

आणि आम्ही म्हणायला लागलो. आधी थट्टा म्हणून, मग नेम म्हणून, मग काहीच म्हणून नाही. हातमोजे घालीन, होय म्हाराजा. जाळी लावल्याशिवाय मशीन सुरू करणार नाही, होय म्हाराजा. सुट्टी न सांगता घेणार नाही, होय म्हाराजा. हे शेवटचं फलकावर नव्हतंच, ते त्याने मधेच घुसडलं होतं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. देवीसाठी ठेवलेला शब्द मी कारखान्यात नेला आणि त्या माणसाने तो रोज सकाळी फुकटात वापरला. सदू आला तेव्हा त्याला हे आवडलं नाही. रांगेत तो ओठ हलवायचा, आवाज काढायचा नाही. मला एकदा म्हणाला, "येश्या, हे बरं नाय हां. त्यो काय देव हाय?" मी म्हटलं, "तुला काय त्रास होतोय? म्हन की. तोंडाला काय भाडं पडतंय?"

माझ्या तोंडाला फटकी पडो.

तीन वर्षांपूर्वीचा शिमगा. होळीला दोन दिवस होते. कारखान्यातली निम्मी माणसं गावी गेलेली, कारण शिमग्याला कोकणातला माणूस सुट्टी मागत नाही, तो जातो. मी आणि सदूने मात्र शहाण्यासारखी मागितली. मॅनेजर म्हणाला, "तुमचा शिमगा तो आमचा बाजार. बंदरावर होड्या उभ्या आहेत. होळीच्या दिवशी सकाळी सोडतो, जा." आम्ही काय म्हटलं असेल ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

तेव्हा क्रशरच्या तोंडावरची जाळी काढून महिना झाला होता. लादी तिथे अडायची, वेळ जायचा, खाली ट्रकवाले शिव्या घालायचे, म्हणून मॅनेजरने ती काढायला लावली. तोच सकाळी 'जाळी लावल्याशिवाय' वाचायचा आणि आम्ही तीच जाळी मागच्या भिंतीला टेकवलेली बघत बघत होय म्हणायचो. जाळीवर आमचे ओले हातमोजे वाळत असायचे. सोयीची होती त्या कामाला.

दुपारची वेळ. क्रशरवर सदू, आकडीवर मी. दोघांत चार जणांचं काम. तो मला सांगत होता की यंदा त्याला पालखी खांद्यावर घ्यायची आहे, गेल्या खेपेला मुंबईवाल्यांनी मधे घुसून खांदा दिला नाही. बडबडत होता आणि लाद्या ढकलत होता. एक लादी आडवी गेली. त्याने हाताने सरळ केली. रोज करायचो आम्ही, दिवसातून दहादा.

आवाज काही वेगळा आला नाही. क्रशरचा आवाजच एवढा असतो. खालचा ट्रकवाला ओरडला, "अरे, मासळीचं रगत कुठून आलं बर्फात?" बंदरावर बर्फ लाल होणं रोजचं, म्हणून त्याला मासळीचं वाटलं. मी वर बघितलं तर सदू उभा होता. पडला नाही, ओरडलाही नाही. उजवा हात छातीशी धरून मशीनकडे असा बघत होता, जणू मशीनने काहीतरी विचारलंय आणि त्याला उत्तर सुचत नाहीये.

चार बोटं गेली. अंगठा राहिला. दवाखान्याच्या दारात मॅनेजर म्हणाला, "नशीब समज, अंगठा वाचला." मला तेव्हा त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. वाटलं, एवढंच. वाटण्याने कुणाचे दात पडत नाहीत.

त्याच संध्याकाळी वेल्डर आला. जुनी जाळी गंजून वाकडी झाली होती, म्हणून नवी केली आणि क्रशरच्या तोंडावर बसवली. चकचकीत दिसत होती. दुसऱ्या दिवशी सरकारी साहेब चौकशीला येणार होते. मॅनेजरने जाळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आवाज अगदी गोड काढला. "यशवंत, फार चमकते रे. जरा ग्रीस आणि मिठाचं पाणी मार." मी होय म्हटलं आणि मारलं. हातांनी फासलं, बोटांनी सगळ्या भोकांत भरलं. दहा बोटं होती माझ्याकडे.

साहेब आले. बरा माणूस असावा, डोक्याला घाम आला होता, पाणी मागितलं. कागद काढून बसला. मॅनेजर त्याच्या बाजूला उभा राहिला, हात मागे बांधून, रोज सकाळी उभा राहायचा तसा. आणि त्याच सुरात, वाक्य तसंच शेवटी वर उचलत म्हणाला, "जाळी लावलेली होती. सदाशिवने स्वतःच्या हाताने काढली."

माझ्या तोंडातून गेलं, "होय म्हाराजा."

साहेबांनी वर बघितलं. "काय म्हणालात?" मॅनेजर हसून म्हणाला, "त्यांची पद्धत आहे, साहेब. होय म्हणतोय." साहेबांनी लिहून घेतलं.

तीन वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की तोंडाला सवय होती, तोंड बोललं, मी नाही बोललो. गाऱ्हाण्यात वाढलेल्या कुठल्याही माणसाला असं वाक्य टाका, तो होय म्हणणारच. हे खरंही आहे. पण त्यानंतर साहेबांनी कागद माझ्यासमोर सरकवला, वाचून दाखवला आणि पेन दिलं. सही करायची सवय नव्हती मला. पगाराच्या कागदावर महिन्यातून एकदा करतो तेवढीच. पेन चालेना, तेव्हा मी ते झटकून, हाताच्या तळव्यावर रेघ ओढून बघितली आणि मग सही केली. सवयीने माणूस पेन झटकत नाही.

पुढे सदूला नुकसानभरपाई नाकारली. त्याचीच चूक म्हणून. मला क्रशरवर मुकादम केलं.

त्या वर्षी होळीच्या दिवशी सकाळी मी गावी आलो नाही. सुट्टी मिळत होती तरी नाही आलो. खोलीत बसून राहिलो. माझी बायको मंगल, तिने पुरणपोळी केली होती, ती मी न खाता तशीच ठेवली. शेजारच्या वाडीतली पोरं बोंबा मारत फिरत होती. शिमग्याला बोंब मारायला, शिव्या द्यायला मोकळीक असते, वर्षभराचं सगळं ओकून टाकायचं. मी दार लावून बसलो आणि मला एक शिवी आठवेना. ज्याला घालायची तो आरशात होता.

म्हणतात ना, शिमगा गेला तरी कवित्व उरतं. माझं तीन वर्षं उरलंय.

पुढचे दोन शिमगे मी काही ना काही निमित्त काढून टाळले. यंदा टळण्यासारखं नव्हतं. भाऊकाका गेल्या श्रावणात गेले. मान आमच्या घराकडे, वाक्यं मला पाठ. माघात भावकीतून निरोप आला, "गाऱ्हाणं तूच घालायचं." आणि त्याच महिन्यात दुसरा निरोप आला, सदूच्या बायकोकडून, सुनंदा वहिनीकडून. ती बाई तीन वर्षं एकेका कचेरीत चपला झिजवत होती. एक वकीलबाई तिला भेटल्या आणि त्यांनी केस उभी केली. शिमगा झाला की तारीख. वहिनीचा फोन आला तेव्हा तिने कसं काय, पोरं कशी आहेत, काही विचारलं नाही. म्हणाली, "भावजी, वकीलबाई तुमाला बोलवनार हायती. काय सांगायचं ते तुमचं तुमी ठरवा. मी हात जोडनार नाय." आणि फोन ठेवला.

आमच्याकडे मोठा गळा काढून भीक मागणारी माणसं असती तर बरं झालं असतं. कुणी हात जोडले की नाही म्हणता येतं. ही न मागणारी माणसं मला छळतात.

खरं बोललो तर मुकादमी जाणार हे उघड आहे. नोकरीही जाणार. वर मीच खोटी सही केली होती हे निघणार. माझी मुलगी रत्नागिरीत बारावीला आहे, खोली भाड्याची आहे. हे सगळं मी किती वेळा मनात उगाळलं आहे त्याला गणती नाही. आणि दर वेळी शेवटी माझ्या डोळ्यांसमोर ती जाळी येते, भिंतीला टेकलेली, हातमोजे वाळत घातलेली.

पालखी निघाली त्या दिवशी ऊन मरणाचं होतं. ढोल, ताशा, गुलाल, आणि पुढे मोबाईल वर धरून उलटे चालणारे मुंबईवाले. त्यातल्या एकाने मला सांगितलं, "काका, गाऱ्हाणं जरा हळू म्हणा हां, रेकॉर्डिंगमध्ये आवाज फाटतो." मी म्हटलं, "तुझं रेकॉर्डिंग घाल चुलीत." तो खूश झाला. त्याला वाटलं, शिमग्याची शिवी आहे.

पहिल्या घरी माझा आवाज बसलेला निघाला. दुसऱ्या-तिसऱ्या घरी सुटला. दहाव्या घरापर्यंत तर मला भाऊकाकांचाच सूर लागला. आणि तेव्हा मला खरी भीती वाटली, कारण वाक्यं आपोआप येत होती, मी कुठे नव्हतोच. 'हाताला काम दे.' होय म्हाराजा. 'कामाला यश दे.' होय म्हाराजा.

मग सदूच्या अंगणात आलो. फणसाची फांदी तशीच आमच्या कौलांवर. अंगण सारवलेलं, रांगोळी काढलेली. वहिनीने ओटी भरली. सदू पुढे आला. तीन वर्षांत मी त्याला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. जाड झालाय. नारळ त्याने डाव्या हाताने धरला होता आणि उजव्या हाताचा अंगठा त्यावर नुसता टेकवला होता, दोन हातांनी द्यायचा असतो म्हणून. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पालखीकडे बघत होता.

मी सुरुवात केली. "बा देवी म्हाराजा, हे सदाशिव तुझं लेकरू, आज तुझ्या पायाशी उभं आहे."

होय म्हाराजा.

"त्याच्या घरादाराला, पोराबाळांना सुखात ठेव."

होय म्हाराजा.

यापुढे 'हाताला काम दे' येतं. तिथे मी थांबलो. ढोलवाला माझ्याकडे बघायला लागला. आणि मग मी, त्याच सुरात, वाक्य शेवटी तसंच वर उचलत, म्हटलं, "बर्फाच्या कारखान्यात मशीनला जाळी नव्हती, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" अख्खं अंगण गरजलं.

"सदूने ती काढलेली नव्हती, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"मी साहेबासमोर खोटं बोललो, म्हाराजा! खोट्यावर सही केली, म्हाराजा! माझ्या तोंडाचं काय करायचं ते तू बघ, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

ढोलावर टिपरू पडलं, गुलाल उडाला, पालखी उचलली गेली. कुणीही ऐकलं नव्हतं. शपथेवर सांगतो, कुणीही नाही. दीडशे माणसं माझ्या पापाला होय म्हणून पुढच्या घराकडे निघाली. रेकॉर्डिंगवाला अंगठा दाखवून गेला, आवाज चांगला लागला होता म्हणे. मला हसू येत होतं. सगळ्या गावाचा राग राग आला. अरे मुडद्यांनो, एकाने तरी कान दिला असता! एकाने तरी 'काय म्हनलास?' विचारलं असतं. पण मी कुणाला बोल लावू? मला तरी कधी ऐकू आलं होतं?

अंगणात आम्ही तिघंच उरलो. मी, सदू आणि दारात वहिनी. सदू एकटा होता ज्याने होय म्हटलं नव्हतं. कारखान्याच्या रांगेतसुद्धा तो म्हणायचा नाही.

त्याने खाली सांडलेले तांदळाचे दाणे पायाने एका बाजूला सारले. मग म्हणाला, "देवीला ठावंच व्हतं, येश्या. तिची साक्ष कोर्टात काडायची नाय कुनाला."

मी कपाळावरचा गुलाल पुसला.

"मंगळवारी तारीख हाय," तो म्हणाला. "सकाळची पयली एसटी पकड. दुसरीला उशीर होतो." आणि आत गेला. दार त्याने लावून घेतलं नाही, उघडंही ठेवलं नाही. अर्धवट लोटलं.

हे मी रत्नागिरीच्या खोलीत बसून लिहितोय. खाली रस्त्यावरून बर्फाचे ट्रक चाललेत, मागून पाणी गळतंय, रस्त्यावर ओली रेघ पडते आणि उन्हाने लगेच वाळते. शिमगा उरकून मी सरळ इथे आलो, सदूबरोबर उद्याची एसटी पकडायला थांबलो नाही. त्याच्या बाजूला बसायची लाज वाटली. उद्या मंगळवार.

वकीलबाईंना मी फोन केला. त्यांनी सांगितलं, "फार बोलू नका. विचारलं जाईल, जाळी लावलेली होती का? एका शब्दात उत्तर द्या." एका शब्दात! बाई शहरातल्या, त्यांना काय ठाऊक, तो शब्द आमच्याकडे शिकवत नाहीत. सकाळपासून मी खिडकीत उभा राहून म्हणून बघतोय. जाळी लावलेली होती का? जीभ आपोआप 'हो'वर जाते. पुन्हा ओढून आणायची. मॅनेजर तिथे असणार, हात मागे बांधून. वाक्य शेवटी तसंच वर उचलणार. तेव्हा काय होईल ते मला सांगता येत नाही, म्हणून तर घोकतोय. नाही. नाही. नाही.

आतून मंगल ओरडली, "चहा टाकू का?"

"नाही," मी म्हटलं.

स्टोव्हचा आवाज थांबला. ती हात पुसत बाहेर आली आणि दारात उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली. चहाला मी एकदाही नाही म्हटलेलं नाही. तिला सगळं ठाऊक आहे, मुकादमीचं, पोरीच्या शिक्षणाचं, खोलीचं. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या, पण आवाज कोरडा होता.

"जरा मोठ्यानं म्हना," ती म्हणाली. "तितं कोर्टात पंख्याचा आवाज असतो."